म्हणून दाखवा

मोबाइल पालथे घाला आधी. तोंडावर उजेड पडला की गोष्ट पळून जाते. आणि तू, फिदीफिदी हसू नकोस. हे आपल्या टेलरच्या बाबतीत घडलंय. उद्या दुकानात जाऊन विचार, छाती असेल तर.

गेल्या नोव्हेंबरची नऊ तारीख, शनिवारची रात्र. टेलरला गावात येऊन चारच महिने झालेले. बायकोचे दिवस भरायला तीन आठवडे बाकी, शहरातल्या दवाखान्यात नाव घातलेलं, त्यामुळे गडी निवांत. संध्याकाळपासून ती कंबर दुखतेय म्हणत होती, कोणी मनावर घेतलं नाही. पावणेदोनला मात्र कळांवर कळा यायला लागल्या. फोन लावला, तर अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, "अकरा गावांना एक गाडी आहे, दादा. दोन तास तरी धरा."

सासूबाई कडाडल्या, "धरा म्हणे! पोर काय तुमच्या गाडीसाठी थांबून राहणार आहे? जावईबापू, उभे काय राहिलात? त्या उपकेंद्रात तरी बघा!"

टेलर धावला. उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलंय ना, 'सिस्टर येथे चोवीस तास राहतात'? आपण ते वाचतसुद्धा नाही. नव्या माणसाने वाचलं होतं, आणि खरं धरलं होतं.

मागच्या खोलीचं दार त्याने काळोखातच मुठींनी बडवलं.

"कितवी खेप?" आतून बाईचा आवाज. शांत.

"पहिली. सिस्टर, लवकर चला हो!"

"मला... येता येत नाही. नीट ऐका."

तो गयावया करत राहिला. दार उघडेना. आवाज सांगत गेला. बाळ आलं की आधी कोरडं करा. रडलं नाही तर पाठ चोळा. आईच्या छातीवर ठेवा. मागून येणारी वार ओढू नका. नंतर रक्त थांबेना, तर बेंबीखाली पोट चोळत राहा, चेंडूसारखं घट्ट होईपर्यंत.

"आता म्हणून दाखवा."

त्याने म्हटलं. एक गोष्ट राहिली.

"पुन्हा."

लोकांची मापं तोंडपाठ ठेवणारा माणूस तो. दुसऱ्यांदा चुकला नाही.

मुलगी झाली. निळी. रडेना... त्याने पाठ चोळली. चोळली... रडली. मग रक्त. थांबेना. टेलर पोट चोळत राहिला, ओठांत तेच घोकत... हळूहळू घट्ट लागलं. रक्त थांबलं.

चारला गाडी आली. सोबतच्या नर्सबाईंनी दोघींना तपासलं. "वाचल्या हो! कोणी शिकवलं हे तुम्हाला?"

"तुमच्या सिस्टरनी. दाराआडून."

नर्सबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"तिथे दीड वर्ष कोणी नाही. नवीन बाई दिलीच नाही. आधीच्या सिस्टर... त्यांचंच बाळंतपण होतं. असंच, रात्री अचानक. अकरा गावांचं त्या करायच्या. त्यांचं करायला कोणी नव्हतं."

सकाळी टेलर चार माणसं घेऊन गेला. कुलूप गंजून गेलेलं, दगडाने फोडावं लागलं. खोलीभर बोटभर धूळ. पाऊल एकही नाही.

फक्त दाराच्या आत, उंबऱ्यालगत, फरशी पुसल्यासारखी स्वच्छ... एक बाई बसेल एवढी.

आणि तिला लागून आणखी एक जागा. हातभर लांब. वीतभर रुंद.