साडेसहा युनिट

दार उघडलं तर समोर वीज कार्यालयातला तपासनीस. हातात पेचकस, आणि पहिलाच प्रश्न, "तुमचं मीटर चालतं का?"

"चालतं की. आम्ही त्याला पळवत नाही, एवढंच."

तो हसला. हसताना बरा दिसत होता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही... म्हणजे फारसं नाही.

"या इमारतीत महिन्याला दीडशे युनिटांच्या खाली कुणी नाही," तो म्हणाला, "आणि तुमचे बारा. साहेबांना संशय आहे."

संशय, आणि तो माझ्या बाबांवर! माझं डोकंच फिरलं. बाबा घड्याळं दुरुस्त करतात, खिडकीशी बसून, ऊन असेपर्यंत. संध्याकाळी आम्ही तिघं एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बसतो. आई लागेल तेवढंच रांधते, म्हणून फ्रिज नाही. परवडत नाही म्हणून नव्हे हं! गरजेपेक्षा जास्त घेतलं की ते दुसऱ्याच्या ताटातलं असतं, असं बाबा मानतात आणि आम्हीही मानतो. हे सगळं मी त्याला एका दमात ऐकवलं.

"झालं भाषण?" त्याने शांतपणे विचारलं. "मग तपासणीचं मीटर लावतो. आठवडाभर रोज चारला येईन."

"या. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

तो येऊ लागला. दुसऱ्या दिवशी पंख्याविना कसं भागतं ते विचारलं. मी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, तर तिथेच उभा राहिला, वाऱ्यावर केस उडू देत. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आमच्याकडे तीन खोल्यांत तीन टीव्ही आहेत. बोलायला मात्र कुणी नाही." आकडा टिपायला एक मिनिट पुरतं. चौथ्या दिवशी त्याला वीस लागली.

"मीटर हळू वाचता तुम्ही," मी म्हटलं.

"घाई केली की चुका होतात," तो म्हणाला, आणि बघत होता माझ्याकडे.

आता माझंही सांगते. आमच्याकडे कपडे घडी करून गादीखाली ठेवायचे, की झाली इस्त्री. पण त्या आठवड्यात शाळेत शिकवून तीनला घरी आले की मी मावशीने दिलेली विजेची इस्त्री ट्रंकेतून काढायचे. तीन ड्रेस कडक करायचे, त्यातला एक घालायचे. आई बघत असायची.

सातव्या दिवशी त्याचा चेहरा उतरला. "दोन्ही मीटरं जुळतात. पण आठवड्याला तीन युनिट लागणाऱ्या घरात या वेळी साडेसहा झालेत. साहेब म्हणतील, आधी मीटर मंद केलं होतं, तपासणी लागल्यावर ठीक केलं."

बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. "चाळीस वर्षांत मी कुणाच्या घड्याळातला स्क्रूसुद्धा न सांगता बदलला नाही हो," ते म्हणाले.

बोलावं तर लाज, गप्प बसावं तर बाबांची अब्रू जाते. मी बोलले.

"इस्त्री. रोज अर्धा तास चालली. लिहा."

"पण मग आधी महिन्याला बाराच युनिट कसे—"

"एरवी नाहीच वापरत. याच आठवड्यात..."

"कारण लिहावं लागेल."

"कारण रोज चारला तुम्ही येत होता." माझे कान तापले, पण मान खाली घातली नाही. "असंच लिहा, शब्द बदलू नका. या घरात चोरी होत नाही. तुम्ही मला आवडलात, ही काही चोरी नाही."

त्याने पेन उघडलं. मग पुन्हा मिटलं.

"मला हा अहवाल लिहिता येणार नाही."

"का?"

"कारण मी तटस्थ उरलेलो नाही. दुसऱ्या दिवसापासूनच..." तो बाबांकडे वळला. "काका, मी साहेबांना खरं ते सांगून ही तपासणी सोडतो. दुसरा माणूस पुन्हा आठवडाभर मोजेल. तुमच्या नावावर माझ्या मेहेरबानीचा डाग नको."

तपासणीचं मीटर काढून तो निघून गेला. पुढचा आठवडा एक पोक्त गृहस्थ येत राहिले. मी गादीखालचेच कपडे घालत होते. आकडा आला तीन. त्यांनी बाबांना हात जोडले आणि अहवालावर सही केली.

त्यानंतर तासाभरात तो आला, पेचकस न घेता. मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ बाबांसमोर जाऊन बसला.

"काका, तुमच्या मुलीसाठी आलोय. मला तुमच्यासारखं घर करायचंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताठ मानेने 'हो' म्हटलं.