फायनलची दुसरी लाइन

मैदानाच्या मागच्या फाटकापाशी केबलच्या खड्ड्याचं झाकण उघडून, हातात टॉर्च घेऊन ती पालथी पडली होती. घाईत येणारा तो तिच्या पायाला अडखळला आणि काही हरवलंय का म्हणून विचारू लागला.

"हो, माझं डोकं," म्हणत तिने वर पाहिलं. आवाज ओळखीचा... टीव्हीवरचा समालोचक! तिच्या आईला खेळातलं ओ की ठो कळत नसे, पण या आवाजासाठी ती अख्खा सामना बघायची.

ती नेटवर्क इंजिनिअर. फुटबॉलच्या फायनलचं थेट चित्र इथून स्टुडिओत पोचवणं तिच्याकडे होतं. एक लाइन तुटली तरी चित्र थांबू नये म्हणून दोन घेतल्या होत्या. पण दोन्ही एकाच पाइपातून गेल्याचं तिला आत्ता दिसलं, आणि शेजारी तर रस्ता खणणं चाललेलं. समोरच्या गच्चीवर रेडिओ डिश लावून चित्र हवेतूनही पाठवायचं, एवढाच मार्ग उरला होता. हाताखाली मात्र कुणी मोकळं नव्हतं.

तिने हे सांगताच त्याने कोट काढून तिच्या हातात दिला आणि डिश उचलली.

गच्चीवर भन्नाट वारा. ती सांगेल तसा तो डिश फिरवत होता, तोंडाचा पट्टा अखंड चालू. एकाच स्क्रूवर दोघांची बोटं आली... आणि पट्टा थांबला. सिग्नल मिळाला, तरी बोटं लगेच हलली नाहीत.

सामना बरोबरीत, शेवटची मिनिटं. व्हॅनमध्ये तिच्या स्क्रीनवर दोन्ही लाइन एकदम लाल झाल्या. पण चित्र? ते जराही अडखळलं नाही! रेडिओवरून तेच चित्र आधीपासून जात होतं. पुढच्याच क्षणी गोल झाला, समालोचकाचा आवाज घराघरांत घुमला आणि ती व्हॅनमध्ये एकटीच नाचली.

बसलेल्या घशाने तो समालोचन कक्षातून खाली आला, तेव्हा तिने काय घडलं ते सांगितलं. तो व्हॅनच्या पायरीवर मटकन बसला. मग बुटाची लेस सोडून पुन्हा बांधू लागला.

"बोला की," ती हळूच म्हणाली.

"सगळ्या खेळांवर बोलता येतं हो. हे... जमत नाहीये." त्याने मान वर केली. "तुम्ही मला आवडलात. फार."

तिच्या गालांवर लाली चढली. पायरीवर थोडीशीच जागा होती. ती त्याला सरकायला न सांगताच शेजारी बसली.

"मलाही," ती म्हणाली.