झबल्याचे तीन टाके

या, आत या, दार लोटून घ्या. उद्या फुकटचा रविवार. तुम्हा नव्या पोरांना पहिल्यांदाच रात्री नऊपर्यंत संग्रहालयातली गर्दी सांभाळायचीय, म्हणून एक गोष्ट आजच ऐकून ठेवा. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. ज्याच्या बाबतीत घडली तो याच खोलीत, याच स्टुलावर बसून डबा खायचा.

वरच्या मजल्यावर जुन्या कापडांचं दालन आहे ना, तिथला तो रखवालदार. सगळे त्याला फूटपट्टी म्हणायचे, इतका सरळ. दारात सख्खा साडू उभा राहिला तरी ओळख दाखवायचा नाही. दिवसातून दोनशे वेळा एकच वाक्य तोंडात, हात लावू नका. झोपेतही तेच बडबडतो, असं त्याची बायको सांगायची आणि स्वतःच हसत सुटायची.

बायको घरी शिवणकाम करायची. पोरांचे गणवेश, बाळांची झबली, शिवाय शेजारपाजारचं उसवलेलं-फाटलेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकीट माफ असतं, त्या दिवशी ती न चुकता इथे हजर. बाकीचे लोक तलवारी नि मूर्ती बघत फिरायचे. ही जिना चढून थेट त्या झबल्यासमोर. बाहेरच्या पडक्या किल्ल्याच्या भिंतीत, मडक्यात घालून ठेवलेलं सापडलं होतं ते. तीनशे वर्षांचं जुनं, डाव्या बाहीला वीतभर उसवलेलं. त्याच्यासाठी काचेची पेटी मंजूर होऊन अकरा वर्षं झाली होती, पेटी काही आली नव्हती. मध्ये नुसता एक दोर.

तिला एकच गोष्ट बघायची होती. बाळाला टोचू नये म्हणून त्या आईने शिवण उलटी, बाहेरच्या बाजूने घेतलीय का? डोळ्यांनी ते कळत नाही म्हणायची, बोट लावावं लागतं. गावभरच्या बाळांची झबली तिने शिवली. स्वतःच्या घरासाठी शिवलेलं एक तेवढं ट्रंकेत घडी घालून राहिलं. ते कोणासाठी होतं हे दोघांना ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत. तिने कितीदा विनवलं, पण फूटपट्टीचं उत्तर ठरलेलं. आज तुला हात लावू दिला तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवू?

मग आला ऑक्टोबरचा पहिला रविवार. सकाळी हा निघताना तिने त्याची बाही धरली. वर्दीच्या कोटाच्या उजव्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. निळा दोरा सुईत ओवून तयारच होता तिच्याकडे. काढा कोट, दोन टाके घालते, म्हणाली. उशीर होतोय, संध्याकाळी बघू, म्हणून हा निघून आला.

दुपारी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात नवे साहेब पाहणीला आलेले, नेमके त्याच्या शेजारी उभे. आणि गर्दीतून एक हात दोरावरून पुढे आला. बोट झबल्यापासून तसूभर लांब. हात कोणाचा ते त्याने ओळखलं. साहेब बघतायत हेही त्याला दिसलं.

"बाई, हात लावू नका. मागे व्हा."

सगळ्यांच्या माना वळल्या. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली बायको, आणि तिला हा बाई म्हणाला. तिने चटका बसावा तसा हात मागे घेतला. रागावली नाही. त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली, "चुकलं, साहेब." आणि जिना उतरून गेली.

रात्री तिने त्याला नेहमीसारखं जेवायला वाढलं. बटणाचा विषय काढला नाही. त्यानेही काढला नाही. रोज ठरवायचा, आज बोलू, आज तिची समजूत काढू, आणि रोज जेवून हात धुवायचा. सतराव्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्याच ती गेली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. हा घरी पोचला तेव्हा मशीनवरचं कापड अर्धं शिवलेलं होतं. माणसाचं काळीज असं रिकामं झालेलं तुम्ही बघितलं नसेल पोरांनो. रडत नव्हता. नुसतं ते लोंबतं बटण बोटांनी चाळत बसायचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो कामावर आला. नऊला दरवाजे बंद झाले. नऊ चाळीसला तो शेवटच्या फेरीसाठी वर गेला. एकटाच. मोठे दिवे मालवले होते, हातात बॅटरी.

दालनाच्या दारातच त्याला आवाज आला. बारीक. टच्... आणि मग दोरा कापडातून ओढल्यासारखा... सर्र. पुन्हा टच्.

कोणीतरी आत राहिलंय, असं त्याला वाटलं.

तो पुढे सरकला. मशीनच्या तेलाचा वास. खडूचा वास. बॅटरीचा उजेड झबल्याजवळ गेला. उजेडाच्या कडेला एक हात होता. मनगटापर्यंतच दिसत होता. पुढे अंधार.

हात बाहीवर होता.

आता सवय काय चीज असते बघा. डोकं चालायच्या आत तोंड चाललं.

"हात लावू नका."

हात थांबला.

आवाज थांबला.



मग अंधारातून, अगदी हळू...

"चुकलं, साहेब."

हात मागे गेला. चटका बसावा तसा.

"अगं..." हा म्हणाला. "अगं, मी..."

पुढचे शब्द त्याला येईनात. कधी सवयच केली नव्हती. त्याने भिंतीवरची सगळी बटणं दाबली. दालन लख्ख. कोणी नाही. खिडक्यांना आतून कड्या. दोर हलत होता. हलता हलता तोही थांबला.

झबल्याच्या उसवलेल्या बाहीवर तीन टाके पडले होते. निळे. चौथा अर्धाच. सुई दोऱ्याला लोंबत होती.

पहाटेपर्यंत तो तिथेच जमिनीवर बसून राहिला. मग उठला, दोरा दाताने तोडला. वीतभर दोरा राहिला होता, त्याच्यासकट सुई कोटाच्या कॉलरमागे टोचून घेतली. त्या तीन टाक्यांबद्दल आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. त्या झबल्याकडे नीट बघणारी एकच बाई होती. त्याने हे सगळं एकाच माणसाला सांगितलं. ज्याने त्या रात्री सगळे दिवे लागले कसे म्हणून विचारलं, त्या इथल्या वायरमनला. तो आत्ता तुमच्यासमोर बसलाय.

पुढे दोन वर्षं प्रत्येक फुकटच्या रविवारी त्याने शेवटची फेरी मागून घेतली. पुन्हा काही झालं नाही. मग निवृत्तीच्या आधीचा शेवटचा फुकटचा रविवार आला. मार्चमधला. त्या रात्री फूटपट्टीने जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. दोर सोडला. झबल्यापाशी खुर्ची ठेवली. बटण अजून लोंबतच होतं, तसाच कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. दिवे घालवले.

"तुझ्यासाठी सोडलाय दोर," म्हणाला. "चुकलं माझं. लाव हात."

आणि जिन्यात पाठ करून बसला. रात्रभर. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

काही आवाज आला नाही. टच् नाही... काही नाही.

उजाडल्यावर तो आत गेला. टाके तीनच होते. उसवण तशीच. तिने झबल्याला हात लावला नव्हता. साहेब नको म्हणाले होते ना.

त्याने कोट उचलला. सुई कॉलरमागेच होती.

सुईत दोरा नव्हता.

निवृत्त होताना वर्दी परत करावी लागते. त्याने केली. सुई तेवढी घेऊन गेला. तो कोट मी दुसऱ्या कोणाला देऊ दिला नाही, तुमच्या मागे खिळ्याला टांगलाय तो तोच. उजवी बाही बघा. लावा हात, हरकत नाही. त्या बटणाचा दोरा निळा आहे, आणि टोक दाताने तोडलेलं.

ओढून बघा. हलतसुद्धा नाही.