मोजणीत आलेला ढीग

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. रोशन माझा मावसभाऊ आहे, आणि तो बाता मारणारा माणूस नाही.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सिरोंच्याजवळ, गोदावरीच्या काठावर.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

रोशन जुन्या इमारतींचं लेझर स्कॅनिंग करतो. तिपाईवरचं यंत्र खोलीत गोल फिरतं, कानाकोपरा मोजतं आणि टॅबवर खोलीचं हुबेहूब मॉडेल उभं राहतं. त्या दिवशी तो आणि सोबत काम करणारी दीपाली एका बंद बर्फ कारखान्यात गेले होते. पूर्वी तिथं नदीची मासळी साठवायचे. किल्ली शेजारच्या इतवारीबाईंनी दिली.

मागची खोली उघडली आणि दीपालीनं ओढणी नाकाला लावली.

सडक्या मासळीचा वास...

खोली मात्र रिकामी. फरशी कोरडी ठणठणीत.

यंत्र लावून दोघं बाहेर आले. दार ओढून घेतलं. आत घरघर सुरू झाली.

मग त्यात दुसरा आवाज मिसळला... चिखलातून पाय उपसावा तसा.

पचक्... पचक्...

"आत पाणी आहे का?" दीपालीनं विचारलं.

"नाई. सुकी होती ना फरशी."

टॅबवर मॉडेल उमटलं. भिंती बरोबर. छत बरोबर. फरशी दिसेना. तिच्यावर कमरेइतका ढीग होता. लिबलिबीत, ओघळलेला, भिंतींना टेकलेला.

यंत्रानंच काढलेल्या फोटोत खोली रिकामी होती.

"मशीन बिघडली असन," रोशन म्हणाला. "अजून एकदा लावू."

दार उघडलं. काहीच नाही.

पण तिपाईचे पाय वरपर्यंत बरबटले होते. पिवळट, बुळबुळीत, तार सुटणारं काहीतरी. त्यात खवले. यंत्रात जाऊ नये म्हणून रोशननं ते हातानंच निपटलं.

कोमट होतं.

दुसऱ्यांदा यंत्र लावून तो बाहेर आला आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. दीपाली टॅब बघत होती. तिचा चेहरा उतरला.

"रोशन... इकडे ये. दारापासून हट."

ढीग सरकून दाराशी आला होता. त्यातून माणसाचा एक हात वर निघाला होता. तळवा दाराला टेकलेला... जिथं रोशनची पाठ होती तिथंच.

रोशन अंगणात ओकला. यंत्र आतच राहिलं.

शेजारी इतवारीबाई आपल्या घराच्या दारात उभ्या होत्या.

"करंटची लाईन गेली होती तवा मासळी सडली, बाबू. मालकानं एक माणूस आत घातला, उपसाले. मग कुलूप लावलं."

"तो बाहेर आला का, बाई?"

"कुलूप लावलं म्हणते ना मी."

यंत्र दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लोकांनी आणलं. त्यांना वाससुद्धा आला नाही.

रोशन आता डाव्या हातात चमचा धरून जेवतो. उजवा हात तोंडाजवळ नेत नाही.

गेल्या महिन्यात तो आमच्याकडे जेवायला आला होता. हात धुवायला उठला, तो बराच वेळ परतेना. मी बघायला गेलो. तो नखाखालून काहीतरी कोरून काढत होता. थांबतच नव्हता.

"तुले वास येऊन राह्यला का?" त्यानं विचारलं.

मी बेसिनमध्ये पाहिलं... ओले खवले पडले होते. मूठभर.

आमच्या घरी वर्षभरात मासळी शिजलेली नव्हती.