सेलमधला शेवटचा जोड

"मावशी, दुकान राहू दे तसंच. समोरच्या इमारतीत ये, दुसरा मजला. मला चोर म्हणतायत."

फोनवरचा भाचीचा आवाज रडका नव्हता, चिडका होता. मावशीला तेवढ्यावरूनच जरा हायसं वाटलं. तिने हातातली आरी खोक्यात टाकली, शटर अर्धं खाली ओढलं आणि रस्ता ओलांडला. तीस वर्षं ती या रस्त्यावर चपला-बूट दुरुस्त करत होती, पण समोरच्या इमारतीत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. तिथली पायताणं तेवढी तिच्याकडे यायची.

ऑफिस प्रवासाची तिकिटं काढून देणारं होतं. भिंतींवर समुद्र आणि बर्फाचे डोंगर लावलेले, खाली टेबलांच्या दोन रांगा. टेबलांमागची सगळी माणसं कामाचं सोंग करत एकाच दिशेला बघत होती. दाराजवळच्या रिसेप्शनच्या टेबलावर एक उघडा खोका होता आणि त्यात जुन्या, मळक्या सँडलचा जोड. भाची जमिनीवर विखुरलेली पार्सलं गोळा करून आपल्या झोळीत भरत होती.

"झोळी कोणी उलटी केली?" मावशीने विचारलं.

"मी," कुरियरचा सुपरवायझर म्हणाला. "मॅडम म्हणाल्या, झडती घ्या. आपण कोण?"

"हिची मावशी."

"नातेवाइकांचं काम नाही इथे. हिने सही करायची आणि विषय संपवायचा."

त्याच्या हातातल्या कागदावर दोनच ओळी होत्या. पार्सल भाचीच्या ताब्यात असताना तिने आतला माल बदलला, असं त्यात लिहिलं होतं. सही केली तर फक्त काम जाणार होतं. नाही केली तर काम जाणार आणि वर पोलिसही येणार. बारा वाजेपर्यंत मुदत दिली होती आणि घड्याळात साडेदहा होऊन गेले होते. चोरीच्या डागाने एकदा काम गेलं की शहरातली दुसरी कुठलीच कुरियर कंपनी दारात उभं करत नाही, हे भाचीला पक्कं ठाऊक होतं.

"मी सही करणार नाही," ती झोळी खांद्याला लावत म्हणाली. "बारा वाजू देत नाहीतर तेरा."

मावशीला मनातून बरं वाटलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

"झालं काय ते कोणी मला सरळ सांगेल का?"

पार्सल जिचं होतं ती बुकिंगवाली मुलगी पुढे आली. तिचे डोळे तापाने ओढलेले होते.

"शनिवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या सेल बघत बसलो होतो. उन्हाळ्यात घालायच्या सँडल, निळ्या पट्ट्यांच्या, निम्म्या किमतीत. सहा नंबरचा शेवटचा जोड उरला होता. मी बटण दाबलं आणि लगेच माल संपला. सगळ्या हळहळल्या. एकीने तर माझ्याकडे दुप्पट किमतीला मागितला. मी हसून नाही म्हटलं."

"मग?"

"बुधवारी पार्सल आलं तेव्हा मी तापाने घरी होते. कालही आले नाही. आज खोका उघडला तर हे निघालं."

"पार्सल घेतलं कोणी?"

"मी," रिसेप्शनवरची म्हणाली. "बुधवारी सकाळी अकराला, हिच्याच हातून. सही करून घेतलं आणि मागच्या रॅकवर ठेवलं."

"रॅकला कुलूप असतं?"

"नाही. येताजाता सगळ्यांचा हात लागतो तिथे."

"आता ही उलटतपासणी कशासाठी?"

आतल्या केबिनमधून मॅडम आल्या. उंच टाचांची खाडखाड आधी आली, मॅडम मागून आल्या. गाडीच्या किल्लीची रिंग त्या बोटावर गरगर फिरवत होत्या. ऑफिस त्यांचंच होतं.

"कंपनीला फोन मी केला," त्या म्हणाल्या. "माझ्या स्टाफचं नुकसान मी खपवून घेत नाही. खोक्याची चिकटपट्टी शाबूत होती. म्हणजे बदल वाटेतच झाला. दोन अधिक दोन चार, त्याला डोकं लागत नाही."

मावशीने खोक्यातली डावी सँडल उचलली, वाकवून पाहिली. मग उजवी उचलली, उलटी केली आणि टाचेच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवला. ती कड खरवडल्यासारखी झिजली होती आणि तळ सुटू नये म्हणून तिथे पाच टाके घातले होते. हिरव्या दोऱ्याचे.

मंगळवारी तपकिरी दोरा संपला होता. तळाला कोण बघतंय, असं म्हणत मावशीने हिरवाच ओवला होता. तिने उजवी सँडल खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"साहेब, तो कागद घडी करून खिशात ठेवा," ती सुपरवायझरला म्हणाली. "ही उजवी सँडल बुधवारी संध्याकाळपर्यंत माझ्या दुकानात होती."

सगळ्या टेबलांवरचं सोंग एकदम बंद पडलं.

"म्हणजे?"

"लोक दुरुस्तीला जोड आणत नाहीत. जी तुटली ती एकच आणतात. ही उजवी मंगळवारी आली, एकटी. हे टाके माझे आहेत, दोऱ्याचं रीळ दुकानात आहे, आणवून ताडून बघा. माझ्या भाचीने पार्सल बुधवारी सकाळी अकराला दिलं. संध्याकाळपर्यंत जी सँडल माझ्या फळीवर होती, ती सकाळी खोक्यात कशी जाईल?"

सुपरवायझरने हनुवटी खाजवली.

"भाची तुमची, दुकान तुमचं, दोरा तुमचा. माझे साहेब मला वेड्यात काढतील."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. शिपाईकाकांवर ठेवा. काका, जरा इकडे या."

चहाचा ट्रे घेऊन दारात उभे असलेले शिपाईकाका जागचे हलले नाहीत. केस पिकलेला माणूस, पण मॅडमकडे पाहून शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

"ही सँडल माझ्याकडे कोणी आणली?" मावशीने विचारलं.

"मी."

"नेली कोणी?"

"मीच. बुधवारी, ऑफिस सुटताना."

"होती कोणाची?"

"ते मला माहीत नाही. रिसेप्शनच्या टेबलावर पिशवी होती, वर चिठ्ठी होती दुरुस्तीची. आणली तशी तिथेच ठेवली."

"चिठ्ठी लिहिणारं कोणी पाहिलं?"

रिसेप्शनवरचीने मान हलवली. "मी आले तेव्हा पिशवी होतीच."

सुपरवायझरने खरोखरच कागदाची घडी घातली. भाचीने इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.

"ठीक आहे, कुरियरवाली सुटली," मॅडम म्हणाल्या. "मग सरळ आहे. सँडल शिपायाच्या हातात होती. खोका शिपायाच्या हाताशी होता."

काकांच्या ट्रेमधले कप किणकिणले. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एकीच्या मानेवरून सुरी काढली, ती लगेच दुसऱ्याच्या मानेवर?" ती म्हणाली. "आमच्या भाचीचं काम झालं म्हणून मी आता घरी जाईन असं वाटलं असेल, तर चुकलात. मला आता शेवटपर्यंत बोलायचंय."

ती रिसेप्शनवरचीकडे वळली.

"तू ऑफिसला कशी येतेस?"

"बसने. स्टॉपपासून पुढे पंधरा मिनिटं चालत."

"आणि तू गं?"

"सगळं चालतच," बुकिंगवाली म्हणाली.

"इथे गाडी चालवत कोण येतं?"

सगळ्यांच्या नजरा मॅडमकडे वळल्या. मॅडमच्या बोटावरची रिंग फिरायची थांबली.

"या दोन्ही सँडल बघा," मावशी म्हणाली आणि तिने त्या टेबलावर उलट्या मांडल्या. "तळ जवळजवळ कोरा आहे. मळल्यात त्या घामाने आणि धुळीने, चालून नाही. चालणाऱ्या बाईची टाच बाहेरच्या बाजूने झिजते, दोन्ही पायांची झिजते. इथे एकाच पायाची झिजली, उजव्या, आणि तीही मागच्या कडेला. टाच जमिनीवर टेकवायची आणि चवडा सतत वरखाली करायचा, असं काम केलं तरच अशी झीज येते. गाडी चालवणाऱ्याचा उजवा पाय दिवसभर तेच करतो. ड्रायव्हर लोकांचे बूट मी आयुष्यभर शिवत आलेय."

"गाड्या हजार लोक चालवतात," मॅडम म्हणाल्या.

"या रॅकपर्यंत त्यांतलं एकच माणूस पोचतं. मॅडम, तुमच्या पायात चार बोटं उंच टाच आहे. ती घालून ब्रेक दाबता येत नाही. तुम्ही गाडीत सपाट सँडल घालता आणि वर येताना बदलता. ती सपाट सँडल ही. मंगळवारी ती दुरुस्तीला दिलीत, कारण शनिवारी नवी मिळाली नाही. बुधवारी ती शिवून आली आणि त्याच दिवशी पाहिलंत तर नवा जोड मागच्या रॅकवर, मालकीण तापाने घरी. खोका उघडला, जोड बदलला, वर चिकटपट्टी मारली. चिकटपट्टी काय, इथे प्रत्येक टेबलावर आहे. जुना जोड आत टाकला तो वजन भरावं म्हणून. कुरियरवाली बदनाम होईल, एवढं बघितलंत. सँडल शिवणारीला आपला टाका ओळखू येतो, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. दुकानात तुम्ही कधी आलाच नाहीत ना. नेहमी काका येतात."

"निम्म्या किमतीच्या सँडल मी चोरीन?" मॅडम हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. "असे दहा जोड आज मागवू शकते मी."

"दहा मागवाल. तो मागवता येत नव्हता, तो संपला होता." मावशीने बुकिंगवालीकडे पाहिलं. "पोरी, दुप्पट किमतीला जोड मागितला तो कोणी?"

मुलीने मान खाली घातली. तिची नोकरी या एका उत्तरावर होती आणि ते सगळ्या ऑफिसला कळत होतं. तिने एकदा शिपाईकाकांच्या ट्रेकडे पाहिलं. मग मान वर केली.

"मॅडमनी," ती म्हणाली. "मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, तुझ्या पायात काय शोभणार. मी तेव्हा हसण्यावारी नेलं."

"बास," मॅडम म्हणाल्या. "पुरावा कुठे आहे?"

"ड्रायव्हरच्या सीटखाली," मावशी म्हणाली. "जुना जोड इथे आहे आणि आज सकाळी तुम्ही गाडी चालवत आलात. अनवाणी आला नसाल. किल्ली द्या. नव्या सँडल तिथे निघाल्या नाहीत तर त्या कागदावर मी सही करते."

"माझ्या गाडीची झडती घेणारी तू कोण?"

"हिच्या झोळीची झडती घेणाऱ्या तुम्ही जेवढ्या, तेवढीच."

मॅडमनी किल्ली मुठीत आवळली. बुकिंगवाली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. तिच्या शेजारी रिसेप्शनवरची आली. मागच्या रांगेतल्या दोन खुर्च्या सरकल्या, मग आणखी तीन. कोणी आवाज चढवला नाही. सगळे नुसते उभे राहिले.

किल्ली टेबलावर पडली.

सुपरवायझर आणि बुकिंगवाली खाली जाऊन पाच मिनिटांत वर आले. निळ्या पट्ट्यांच्या सँडल मुलीच्या हातात होत्या. उजवीच्या टाचेला मागच्या कडेवर ताजा ओरखडा होता.

"झालं, मिटलं," सुपरवायझर घाईने म्हणाला. मोठं गिऱ्हाईक दुखवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "मॅडम, तुमच्यात काय ते बघून घ्या. आणि तू उद्यापासून कामावर ये."

"उद्यापासून का?" भाची म्हणाली. "माझं काम गेलंच कधी होतं? आधी डेपोत फोन लावा. सकाळी इथूनच त्यांना सांगितलंत ना की मी चोर आहे? स्पीकरवर सांगितलंत, सगळ्या गाड्यांवरची पोरं ऐकत होती. आता तसंच लावा."

सुपरवायझरने फोन लावला. पलीकडून डेपोतला गोंधळ ऐकू आला. तो बोलायला लागणार तेवढ्यात भाचीने फोन त्याच्या हातातून घेतला आणि मॅडमसमोर धरला.

"तुम्ही सांगा."

"काय सांगू? गैरसमज झाला म्हणून सांगते."

"गैरसमज नाही. झालं तेच सांगा. माझी घाई नाही, मी उभी आहे."

फोनमधून कोणीतरी दोनदा हॅलो म्हणालं. मॅडमनी मावशीकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे पाहिलं. एकानेही नजर वळवली नाही.

"पार्सल बरोबर पोचलं होतं," त्या अखेर म्हणाल्या. "सँडल मी घेतल्या."

"नाव," भाची म्हणाली.

मॅडमनी आपलं नाव सांगितलं.