बारवेतला उंबरा

कळमनुरीच्या जुन्या बाजारामागची पायऱ्यांची बारव एवढी बुजली होती, की नव्या पोरांना तो नुसता खड्डा वाटायचा. वर प्लास्टिक, खाली घुशी आणि काठाला चिकटून ओळीने घरं. त्यातलं एक गोजरबाईंचं. त्यांच्या स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे बारवेचीच भिंत. वैशाखात तिला पाठ टेकली की जीव निवायचा.

गल्लीतल्या प्रत्येक घरात बारवेचा एखादा दगड होताच. शेजारच्या पद्माबाईंच्या न्हाणीतला धुण्याचा दगड तिथला, गोजरबाईंचा उंबराही तिथलाच. सासऱ्यांनी घर बांधताना तो काळा दगड उचलून आणला आणि कोरीव कमळाची पुढची कड मातीत दाबून बसवला. त्यावरून गोजरबाई नवरी होऊन आत आल्या, त्यावरूनच त्यांच्या नवऱ्याची तिरडी बाहेर गेली. पावलांनी झिजून तो मधोमध बशीसारखा खोल झाला होता. रोज सकाळी त्यावर पाणी टाकून हळदीकुंकवाची बोटं ओढल्याशिवाय त्या चहा घेत नसत. हळदीच्या गिरणीत सापडून त्यांची करंगळी वाकडी झाली होती, त्यामुळे शेवटची रेघ कायम तिरकी उमटायची.

मग पुरातत्त्व खात्याच्या प्रियंका मॅडम आल्या. घरं पाडणार म्हणून गल्ली हवालदिल होती. पण ही बाई पद्माबाईंच्या ओट्यावर बसली, कपभर चहा प्याली आणि तिने मधला मार्ग काढला. बारवेचे दगड परत द्यायचे, मागची भिंत थोडी आत घ्यायची. घरं राहतील, नवी भिंत खातं बांधून देईल.

"अन् उंबरा?" गोजरबाईंनी विचारलं.

"काकू, ती सगळ्यात वरची पायरी आहे. ती नसेल तर खाली उतरायची वाटच सुरू होत नाही."

गोजरबाईंच्या धाकट्या मुलाचं, स्वप्निलचं, हट्टा गावच्या मुलीशी जमत आलं होतं. घराचा निकाल लागल्याशिवाय तारीख धरायची नाही, असं मुलीच्या बापाने स्पष्ट सांगितलं होतं.

"आई, एका धोंड्यासाठी माझं लगीन मोडून राहिलीस का?" स्वप्निल चिडला.

"माझा बी दगड चालला," पद्माबाई म्हणाल्या. "आता लुगडं काय नवऱ्याच्या टकलावर आपटू?"

गोजरबाईंना हसू आलं. त्या हसण्यातच त्यांनी होकार दिला.

बारव उपसली तेव्हा गाव बघायला लोटलं. तळाशी काळंशार, स्वच्छ पाणी लागलं. उंबरा आपल्या जागी असा बसला, की चुना लावायची गरजच पडली नाही. त्याच्या खालच्या पायरीवर खात्याने कुलपाचं फाटक बसवलं. स्वप्निलने दारात सिमेंटचा उंबरा केला आणि वर गुळगुळीत फरशी लावली.

आधी मांजर गेलं. जन्मापासून घरात वाढलेलं ते मांजर दारापर्यंत यायचं, नव्या उंबऱ्याशी थबकायचं आणि माघारी फिरायचं. पुढे ते बारवेच्या वरच्या पायरीवरच निजू लागलं. गार दगड सापडला असेल, असं गोजरबाईंनी मनाशी म्हटलं.

मग एका सकाळी नव्या उंबऱ्यावर बोटं ओढून त्या आत चहा टाकायला गेल्या. बाहेर येऊन बघतात, तर फरशी कोरडी, स्वच्छ. सिमेंटावर कुंकू धरत नसेल. कळशी घेऊन नळाकडे जाताना त्यांची नजर बारवेकडे गेली. वरच्या पायरीवर हळदीकुंकवाची ओली बोटं होती.

शेवटची रेघ तिरकी होती.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. लग्न तोंडावर आलं होतं.

कोमल सून म्हणून आली ती भर दुपारी, वाजतगाजत. गोजरबाईंनी तांदळाने भरलेलं माप उंबऱ्यावर ठेवलं. कोमलने उजव्या पायाने ते हलकेच लवंडलं आणि ती आत आली. बायका हसल्या, कुणीतरी नाव घ्यायला लावलं. गर्दी पांगल्यावर गोजरबाई तांदूळ गोळा करायला वाकल्या.

माप आडवं पडलेलं होतं. दाणा एकही नव्हता.

"पद्मे, तांदूळ तू उचललेस का?"

"म्या कशाला हात लावू? नवरीचं माप हाय ते."

गोजरबाई तशाच अनवाणी बारवेकडे गेल्या. ऊन रणरणत होतं. वरच्या पायरीवर, त्या बशीसारख्या खोलगटात, तांदूळ सांडले होते. मांजर बाजूला बसून खाली बघत होतं.

तिथून ओली पावलं उतरत गेली होती. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. कोमलला बघायला गेल्या तेव्हा रिवाजाप्रमाणे तिला चालायला लावलं होतं. ती करंगळी गोजरबाईंनी तेव्हाच पाहून ठेवली होती.

पावलं पाण्यापर्यंत गेली होती. वर येणारं एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रियंका मॅडमना गाठलं. "घर घ्या तुमी. पाडून टाका. माझा उंबरा तेवढा द्या."

"काकू, तो जरा तिरका वाटला म्हणून परवा आम्ही पहारी लावल्या होत्या. चार माणसं होती. हललासुद्धा नाही." मग आवाज खाली आणून मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडून कुणी खाली उतरतं का हो? कालपासून ओली पावलं दिसतात. आणि फाटकाची किल्ली तर माझ्याकडे आहे."

गोजरबाई घरी परतल्या.

कोमल गुणी निघाली. स्वयंपाकाला हात चांगला, बोलणं गोड. स्वप्निल खुशीत आहे. पद्माबाई म्हणतात, सून मिळावी तर अशी.

गोजरबाई मात्र सकाळ-दुपार फरशी पुसत असतात. चांगली निथळती ओली ठेवतात आणि कोपऱ्यात बसून बघत राहतात.

"आत्याबाई, दिसभर काहून पुसता हो?" कोमल हसत विचारते. "उठा, मी पुसते."

आणि ओल्या फरशीवरून चालत त्यांच्यापर्यंत येते.

फरशी मागे तशीच चकाकत राहते, आरशासारखी. तिच्यावर पाऊल म्हणून उमटत नाही.