मागे कुणी नाही

हसा, हसा. शेवटी कोण चालणार यावरून मघापासून तुमचं काय चाललंय ते ऐकतोय मी. पुढे चालायला सगळे तयार, फुलांची नावं सांगायला सगळे तयार, आणि शेपटाला राहायचं म्हटलं की एकेकाचा गुडघा दुखायला लागतो. तो दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. आता मी सांगतो ते ऐका आणि मग उद्याचं ठरवा. ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्या बाबतीत घडली त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर माझा मावसभाऊ, आणि त्यानं न पाहिलेलं मास्तरांनी स्वतः मला सांगितलंय.

मास्तर म्हणजे पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. एक दिवस नोकरीला रामराम ठोकला आणि लोकांना डोंगरावर फुलं दाखवायला न्यायला लागले. फुलांच्या दिवसांत दर शनिवारी पाच-सात माणसं घेऊन वर जायचं, पठारावर हिंडायचं, अंधार पडायच्या आत खाली. मास्तर पुढे. एकदा का त्यांना दवबिंदूचं रोपटं दिसलं, ते किडे खाणारं, चिकट, की झालं. गुडघे टेकून तिथेच बसायचे. जेवणखाणाची शुद्ध नाही. सगळ्यांच्या मागून चालायची त्यांची बायको. तिला सगळे वहिनी म्हणायचे, मास्तरांपेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा.

दोघांची एक पद्धत होती. वाटेला फाटा फुटला की मास्तर खऱ्या वाटेवर दगडाखाली एक लाल पट्टी ठेवायचे, म्हणजे रेंगाळलेला माणूस चुकायला नको. ती पट्टी उचलायची शेवटच्या माणसानं. पुढच्यानं तिला हात लावायचा नाही, कारण पट्टी जागेवर आहे याचा अर्थ अजून कुणीतरी मागे आहे. पट्ट्या वहिनींनी मुलीच्या लहानपणच्या लाल फ्रॉकच्या केल्या होत्या. एका पट्टीला फ्रॉकच्या खिशाचं पांढरं बटण तसंच राहिलं होतं.

आणि खाली, गाडी उभी असायची त्या फाटकाशी आलं की मास्तर ओरडायचे, "कोण राहिलं?" मागून वहिनी म्हणायच्या, "मागे कुणी नाही." मग मास्तर म्हणायचे, "सुटलीस." तेव्हा कुठे वहिनी फाटकातून आत यायच्या, गाडीत सगळ्यांत शेवटी चढायच्या आणि सरकतं दार ओढून घ्यायच्या. एकदा मास्तर बोलण्याच्या नादात "सुटलीस" म्हणायचं विसरले आणि गाडीमागे जाऊन चहा प्यायला लागले. अर्ध्या तासानं बघतात तर ही बाई फाटकाबाहेर पावसात उभी. "अगं, आत का नाही आलीस?" तर म्हणते कशी, "तुम्ही सोडलंत कुठे? काम म्हणजे काम." ड्रायव्हर अजून हसत हसत सांगतो.

आता हसायचं थांबवा.

मी सांगतोय त्या रात्रीच्या आदल्या वर्षी, सप्टेंबरात, अशाच एका फेरीत वहिनी गेल्या. कड्याकडे जाणाऱ्या फाट्याजवळ मास्तरांनी बटणाची पट्टी ठेवली आणि पुढे गेले. सकाळी निघताना ते बटण एका धाग्यावर लोंबत होतं, त्यावरून मास्तर कुरकुरलेही होते. वहिनी म्हणाल्या होत्या, "संध्याकाळी घरी गेल्यावर टाकते शिवून. तुम्हाला तर सुईत दोरा ओवता येत नाही." दुपारी त्या फाट्याजवळच्या दगडावर त्या जराशा टेकल्या, त्या टेकल्याच. हृदय थांबलं. पलीकडच्या बाजूनं रस्ता जवळ होता, माणसांनी तिकडूनच उचलून नेलं. फाटक आलंच नाही. नंतर मुलीला आईची आठवण म्हणून ती बटणाची पट्टी हवी होती. खूप रडली ती तिच्यासाठी. मास्तर दोनदा वर जाऊन एकेक दगड उलटा करून आले. पट्टी मिळाली नाही.

त्यानंतरचं वर्ष मास्तरांनी कसं काढलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. चहा दोन कपांचा व्हायचा, एक गार होऊन मोरीत जायचा. शर्टाचं बटण तुटलं की तिथे सेफ्टीपिन. संध्याकाळी घरात बोलायला कुणी नाही, म्हणून खिडकीतल्या कुंड्यांना त्यांचीच नावं म्हणून दाखवायचे. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे झालं. रविवारी मी येते, सामान बांधून ठेवा. माझ्याकडे राहायचं आता." ते हो म्हणाले. खोकी बांधली. पण आदल्या शनिवारचा गट आधीच ठरलेला होता. पांढरी आमरी, ते रानातलं ऑर्किड, उशिरा फुलली होती, ती लोकांना दाखवायची होती. म्हणाले, एवढी एक फेरी करतो आणि संपवतो.

तो सप्टेंबरातला तिसरा शनिवार. सहा जण होते. त्यांत एक दातांचे डॉक्टर, गळ्यात हा एवढा कॅमेरा. आणि एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, जाड चष्मा, चाल अगदी संथ. मास्तरांनी डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही शेवटचे राहाल का?" डॉक्टर म्हणाले, "त्यात काय." मास्तरांनी पट्ट्यांचं समजावलं. डॉक्टरांनी मान हलवली, कॅमेऱ्यात बघत.

आमरी दिसली. सगळे खूश झाले. पण येताना मास्तर त्या कड्याच्या फाट्याजवळ थांबले. दगडाजवळ. लोकांना म्हणाले, जरा पाणी प्या. स्वतः तिथेच उभे राहिले, आणि वेळ किती गेला ते त्यांना कळलं नाही. उतरायला लागले तेव्हा धुकं खाली आलं होतं. घाईघाईत वरच्या फाट्याला एक पट्टी ठेवली, खालच्या फाट्याला एक.

फाटकाशी पोचले तेव्हा सव्वासात वाजले होते. अंधार झाला होता. सवयीनं मास्तरांच्या तोंडून गेलं, "कोण राहिलं?"

डॉक्टर त्यांच्या शेजारीच उभे होते.

"तुम्ही इथे कसे? पट्ट्या कुठेत?"

"त्या बाई आणतील की," डॉक्टर म्हणाले. "त्या माझ्या मागे होत्या, म्हणजे शेवटच्या त्याच ना."

शेवटचा माणूस म्हणजे जो सगळ्यांत मागे पडेल तो, असं डॉक्टरांना वाटलं होतं. मास्तर गाडीकडे वळले. ड्रायव्हरला म्हणाले, "सगळ्यांना गाडीत बसव. फाटक उघडं ठेव." बॅटरी घेतली आणि एकटेच वर चढायला लागले. मनात एकच होतं. याच डोंगरावर दुसरी बाई जायला नको.

धुकं इतकं होतं की बॅटरीचा उजेड हातभर पुढे जाऊन संपायचा. खालचा फाटा आला. पट्टी दगडाखाली जागेवर होती. म्हणजे बाई अजून वरच होत्या. त्यांनी पट्टीला हात लावला नाही. हाक मारली, "होऽऽऽ."

काही नाही.

थोडं वर गेले. परत हाक. परत काही नाही. नुसतं गवतावरून पाणी टपकत होतं.

मग वरून उत्तर आलं. "होऽऽऽ."

बाईंचा आवाज असेल, असं ते स्वतःला म्हणाले. बाईच असणार. पण पाय जागेवरच राहिले. मला सांगताना म्हणाले, अरे, तीस वर्षं ती हाक ऐकली मी.

"कोण आहे?"

त्यांनी बॅटरी वर धरली.

"बाई... तुम्ही आहात का?"

"आहे, आहे," बाईंचा आवाज आला, अगदी जवळून. धुक्यातून चष्मा चमकला. बाई एकेक पाऊल टाकत येत होत्या. घाबरलेल्या नव्हत्या. उलट म्हणाल्या, "तुम्ही कशाला परत आलात? तुमचं माणूस होतं की माझ्या मागे."

"कोण माणूस?"

"नाव नाही विचारलं. फार चांगल्या आहेत हो. मी दमून बसले, तर त्याही थांबल्या. डावीकडून चाला, पाय बघून टाका, सारखं सांगत होत्या. मी वळून बोलायला गेले, तर म्हणाल्या, वळू नका, वळलं की पाय घसरतो."

मास्तरांनी बॅटरी बाईंच्या खांद्यावरून मागे धरली. वाट होती. धुकं होतं. एवढंच.

"चला," ते म्हणाले.

बाईंना त्यांनी हात धरून मागे घेतलं. स्वतः पुढे. खालचा फाटा आला. पट्टी होती. दगडाखाली. त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तसेच पुढे गेले. पाच-सहा पावलं. मग त्यांना राहवलं नाही. बॅटरी मागे फिरवली.

दगड होता.

पट्टी नव्हती.

बाई म्हणाल्या, "काय झालं?" मास्तर म्हणाले, "काही नाही. पाय बघून टाका."

पावलं वाजत होती... आता तीन जणांची. मोजायची गरज नव्हती. एक त्यांची, एक बाईंची. आणि एक सगळ्यांत मागची, गवताला घासत येणारी. मास्तर थांबले की थांबायची.

फाटक आलं. बाई आत गेल्या, गाडीत जाऊन बसल्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि आरशात पाहिलं. मास्तर फाटक धरून उभे होते, डोंगराकडे तोंड करून. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. एक वर्ष राहून गेलेलं. ते म्हटलं की ती सुटणार. आणि ते म्हटलं की संपलं. घरी खोकी, उद्या मुलगी, नंतर आयुष्यभर या डोंगरावरून कुणी ओ देणार नाही.

"कोण राहिलं?"

इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला काही ऐकू आलं नाही. मास्तरांना आलं. फाटकाच्या अगदी पलीकडून. हात लांब केला असता तर...

"मागे कुणी नाही."

मास्तर उभे. बराच वेळ.  तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

ते "सुटलीस" म्हणाले नाहीत.

म्हणाले, "चल घरी."

मग फाटक न लावता आले आणि ड्रायव्हरशेजारी पुढे बसले. ड्रायव्हर गाडी हलवणार, तर मागचं सरकतं दार अजून उघडंच. तो "दार ओढा" म्हणणार... तेवढ्यात दार ओढलं गेलं. नीट. सावकाश. डॉक्टरांना वाटलं बाईंनी ओढलं. बाईंना वाटलं डॉक्टरांनी.  गाडीत थंडी फार वाजत होती, एवढंच सगळे म्हणाले.

मास्तर घराशी उतरले. कुलूप काढलं, आत गेले. दार मागे उघडंच ठेवलं. ड्रायव्हर गाडी वळवून निघाला तेव्हा दार लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. बघते तर बाबांनी खोकी सोडायला घेतलेली. कुंड्या परत खिडकीत. गॅसवर दोन कप चहा. "मी नाही येत," मास्तर म्हणाले. ती चिडली, रडली, म्हणाली, "एकटे कसे राहाल इथे?" ते तिच्याकडे बघून कसनुसं हसले. त्यांच्या शर्टाला सेफ्टीपिन तशीच होती.

ती रागानं बाहेर ओसरीत आली. दोरीवर लाल पट्ट्या वाळत घातल्या होत्या, ओल्या, एका रेषेत. दोन काल रात्रीच्या. आणि पलीकडे तिसरी, वर्षभराच्या उन्हापावसानं फिकी पडलेली. तिनं ती हातात घेतली.

पांढरं बटण नव्या दोऱ्यानं घट्ट शिवलेलं होतं.